मेदाम्ले आणि पटल-संलयनाची प्रथिने: परिणाम प्रथिनावरचा की पटलावरचा, हे प्रयोगशाळेत कसे ठरवावे

परीक्षानळीत अ‍ॅराकिडॉनिक आम्ल घातले आणि पटले एकमेकांत विलीन करणाऱ्या स्नेअर प्रथिनांचे संकुल जास्त तयार झाले, एवढ्यावरून त्या आम्लाने प्रथिनाला क्रियाशील केले असा निष्कर्ष काढता येत नाही. हेच निरीक्षण किमान तीन वेगळ्या कारणांनी मिळू शकते. मेदाम्लाचा रेणू प्रथिनाला प्रत्यक्ष चिकटून त्याची घडण बदलत असेल. किंवा तो पटलात शिरून पटलाची वक्रता बदलत असेल आणि प्रथिन जसेच्या तसे राहूनही संलयन सोपे होत असेल. किंवा मेदाम्लाचे पाण्यात साबणासारखे पुंज बनून त्यांनी प्रथिने अर्धवट उलगडली असतील. पहिल्या दोन शक्यता जीवशास्त्राच्या आहेत, तिसरी निव्वळ प्रयोगातला दोष आहे. या तिन्ही शक्यता एकमेकींपासून वेगळ्या कशा काढायच्या, हाच या लेखाचा विषय आहे. जीवरसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारे आणि संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेले विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. या प्रयोगमालिकेत प्रथिने शुद्ध करण्यापेक्षा मेदाम्ल नीट हाताळणे अधिक अवघड आहे असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणून लेखातील बरीच जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न कोठून आला

चेतापेशीच्या टोकाशी चेतापारेषकाने भरलेल्या पुटिका (पटलाच्या सूक्ष्म पिशव्या) पेशीपटलाला चिकटतात आणि कॅल्शियमचा इशारा मिळताच त्याच्यात विलीन होतात. हे विलीनीकरण स्नेअर प्रथिने घडवतात. पुटिकेवर सिनॅप्टोब्रेविन-२, म्हणजेच व्हॅम्प-२, असते. पेशीपटलावर सिंटॅक्सिन-१ आणि स्नॅप-२५ असतात. सिंटॅक्सिनची एक, व्हॅम्पची एक आणि स्नॅप-२५ च्या दोन अशा चार हेलिक्स (मळसूत्रासारख्या वळलेल्या साखळ्या) एकमेकींभोवती वळून घट्ट जुडगा बनवतात, आणि त्या वळण्याच्या बळावर दोन्ही पटले एकमेकांजवळ ओढली जातात. या जुडग्याची स्फटिकरचना १९९८ साली २.४ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने उलगडली. पुटिकांच्या वाहतुकीची यंत्रणा शोधल्याबद्दल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस सुडहॉफ यांना २०१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

सिंटॅक्सिन नेहमी मोकळे नसते. त्याच्या आरंभीच्या टोकाकडील तीन हेलिक्सचा गट स्वतःच्याच स्नेअर भागावर दुमडून बसतो, आणि मंक-१८ हे प्रथिन या मिटलेल्या सिंटॅक्सिनला अतिशय घट्ट, नॅनोमोलर पातळीवर, धरून ठेवते. मग मिटलेले सिंटॅक्सिन उघडते कसे? केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेतील रिकमन आणि डेव्हलेटोव्ह यांनी २००५ साली दाखवले की अ‍ॅराकिडॉनिक आम्ल असेल तर मंक-१८ हजर असतानाही स्नेअर संकुल तयार होते. पुढच्याच वर्षी दारिओस आणि डेव्हलेटोव्ह यांनी चेतातंतूंच्या वाढीसाठी लागणाऱ्या सिंटॅक्सिन-३ वर ओमेगा-६ आणि ओमेगा-३ मेदाम्लांचा असाच परिणाम दाखवला. २००७ साली त्याच गटाने एक बारीक पण निर्णायक गोष्ट स्पष्ट केली: अ‍ॅराकिडॉनिक आम्ल मंक-१८ ला सिंटॅक्सिनपासून सोडवत नाही. मंक-१८ जागेवरच राहते, बदल सिंटॅक्सिनमध्ये होतो, आणि तरीही सिंटॅक्सिन स्नॅप-२५ ला धरू शकते. आपल्या प्रयोगाची आखणी करताना हे सतत ध्यानात ठेवावे, कारण ‘मंक-१८ सुटले का’ आणि ‘सिंटॅक्सिनने स्नॅप-२५ धरले का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची मोजमापेही वेगळी आहेत.

येथे एक फरक सुरुवातीलाच सांगून टाकतो. स्नॅप-२५ च्या मधल्या भागातील चार सिस्टीनवर पामिटिक आम्ल सहसंयुज बंधाने जोडले जाते आणि त्यामुळे हे प्रथिन पटलाला टेकून राहते. तोही मेदाम्लाचा प्रथिनावरील परिणामच आहे, पण ते काम विशिष्ट विकरे करतात आणि हायड्रॉक्झिलअमाइन वापरून तो बंध तोडता येतो. या लेखात केवळ मोकळ्या, न जोडलेल्या मेदाम्लांचा विचार केला आहे.

पहिली पायरी: मेदाम्लांची निवड

एकट्या अ‍ॅराकिडॉनिक आम्लावर प्रयोग उभा करू नये. निदान चार-पाच मेदाम्लांचा संच हवा: २० कार्बन आणि चार दुहेरी बंधांचे अ‍ॅराकिडॉनिक आम्ल, २२ कार्बन आणि सहा दुहेरी बंधांचे डीएचए (डोकोसाहेक्झाएनॉइक आम्ल), १८ कार्बन आणि तीन दुहेरी बंधांचे अल्फा-लिनोलेनिक आम्ल, एकच दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल, आणि शक्य असल्यास अ‍ॅराकिडॉनिक आम्लाचे मिथाइल एस्टर. या शेवटच्या संयुगात शेपटी तीच राहते, पण डोक्यावरचा ऋणभार नाहीसा होतो, त्यामुळे परिणामासाठी भार आवश्यक आहे की केवळ तेलकट शेपटी पुरते हे कळते.

संपृक्त मेदाम्ल नियंत्रण म्हणून घेण्याची पद्धत आहे, पण तेथे एक खाच आहे. २० कार्बनचे संपृक्त अ‍ॅराकिडिक आम्ल सुमारे ७५ अंश सेल्सियसला वितळते. खोलीच्या तापमानाला बफरमध्ये ते विरघळतच नाही, गाळ होऊन तळाशी बसते. अशा आम्लाने परिणाम दाखवला नाही याचा अर्थ प्रथिन त्याला ओळखत नाही असा होत नाही, कदाचित ते प्रथिनापर्यंत पोहोचलेच नसेल. ओलेइक आम्ल १३-१४ अंशांना वितळते आणि साखळीही पुरेशी लांब असते, म्हणून ऋण नियंत्रण (परिणाम न दाखवणारा तुलनेचा नमुना) म्हणून ते कितीतरी अधिक विश्वासार्ह ठरते. संपृक्त आम्लाचा निकाल द्यायचाच असेल तर द्रावण आधी गतिमान अपकेंद्रीत फिरवून वर किती आम्ल उरले ते मोजून मगच द्यावा.

दुसरी पायरी: द्रावण तयार करणे

अ‍ॅराकिडॉनिक आम्लाचे चार दुहेरी बंध हवेतील ऑक्सिजनला लगेच बळी पडतात, आणि ऑक्सिडीकृत आम्ल हे वेगळेच रसायन असते. म्हणून सीलबंद काचेच्या कुपीतील आम्लच विकत घ्यावे आणि कुपी उघडली की एकाच बैठकीत सगळे वाटून ठेवावे. या आम्लाचा रेणुभार ३०४.५ आहे. १० मिलिग्रॅम आम्ल १.६४ मिलिलीटर निर्जल इथेनॉलमध्ये विरघळवले की २० मिलिमोलर द्रावण मिळते. ते गडद काचेच्या छोट्या कुप्यांत ५० मायक्रोलीटरप्रमाणे भरावे, प्रत्येक कुपीत आर्गॉन किंवा नायट्रोजनचा मंद झोत सोडून टेफ्लॉनच्या अस्तराचे झाकण घट्ट लावावे आणि कुप्या उणे ८० अंशांना ठेवाव्यात. एकदा उघडलेली कुपी पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवू नये. प्लॅस्टिकच्या नळ्या शक्यतो टाळाव्यात, कारण मेदाम्ले पॉलिप्रॉपिलीनच्या भिंतीला चिकटतात आणि लिहिलेली संहती व प्रत्यक्षातली संहती यांत फरक पडतो.

आम्ल ताजे आहे का, हे पाहण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. साधा अतिनील स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. ताज्या आम्लातील दुहेरी बंध एकमेकांपासून सुटे असतात आणि २३४ नॅनोमीटरला जवळजवळ प्रकाश शोषत नाहीत. ऑक्सिडीकरण झाले की बंध सरकून जोडीने येतात आणि नेमक्या याच तरंगलांबीला शोषकता वाढते. अशा जोडबंधांचा मोलर शोषणांक सुमारे २६,००० असतो. म्हणजे १०० मायक्रोमोलर द्रावणाची एक सेंटिमीटरच्या क्युवेटमधील शोषकता ०.१३ आली तर जवळपास ५ मायक्रोमोलर, म्हणजे पाच टक्के आम्ल बिघडलेले आहे. मी स्वतः यापेक्षा जास्त बिघाड असलेली कुपी वापरू देत नाही. हे मोजमाप दोन मिनिटांचे आहे आणि प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी ते झालेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

इथेनॉलमधले तीव्र द्रावण थेट प्रथिनाच्या नळीत टाकण्याची सवय अनेकांना असते. तसे केल्यास थेंब जेथे पडतो तेथे क्षणभर आम्लाची संहती कित्येक पट वाढते आणि तेथील प्रथिन कायमचे बिघडू शकते. त्याऐवजी काचेच्या नळीत दुप्पट संहतीचे कामाचे द्रावण आधी बनवावे. ९९० मायक्रोलीटर बफर व्होर्टेक्सवर फिरत असतानाच त्यात २० मिलिमोलर साठ्याचे १० मायक्रोलीटर सोडले की २०० मायक्रोमोलर द्रावण मिळते. ते प्रथिनाच्या सारख्याच आकारमानाच्या द्रावणात मिसळल्यावर अंतिम संहती १०० मायक्रोमोलर आणि इथेनॉल अर्धा टक्का होते. हे द्रावण दहा मिनिटांच्या आत वापरावे. ५, १०, २५, ५० आणि १०० मायक्रोमोलर अशा क्रमाने पुढे जाताना कमी संहतीच्या नळ्यांत जास्तीचे इथेनॉल घालून सगळीकडे ते अर्धा टक्काच ठेवावे, आणि फक्त इथेनॉल असलेली नळी प्रत्येक फेरीत असावी.

बफरमध्ये कॅल्शियम नसावे. मेदाम्लाचे कॅल्शियम क्षार म्हणजे अविद्राव्य साबणच. द्रावण क्षणात दुधाळ होते आणि मोकळे आम्ल संपते. हेपीस बफर, पीएच ७.४, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड आणि अर्धा ते एक मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारे रसायन) हे मिश्रण या कामाला चांगले चालते. पीएचकडे एरवीपेक्षा जास्त लक्ष द्यावे, कारण पाण्यात सुट्या मेदाम्लाचा पीकेए ५ च्या थोडा खाली असला तरी पटलात किंवा पुंजात बसल्यावर तो ७ ते ८ च्या दरम्यान सरकतो. साहजिकच ७.० आणि ७.६ या दोन पीएचमध्ये ऋणभारित आणि निर्भार आम्लाचे प्रमाण चांगलेच बदलते.

तिसरी पायरी: पुंज कोठे सुरू होतात ते शोधणे

ज्या संहतीला सुटे रेणू एकत्र येऊन मायसेल किंवा त्यासारखे पुंज बनवू लागतात ती संहती पीएच, क्षार आणि तापमान यांवर अवलंबून असते, म्हणून कुठल्या तरी लेखातला आकडा उचलू नये. आपल्याच बफरमध्ये, आपल्याच तापमानाला ती मोजावी. नाइल रेड हा रंग पाण्यात जेमतेम चमकतो आणि तेलकट जागा मिळाली की तेजस्वी होतो. एक मायक्रोमोलर नाइल रेडमध्ये मेदाम्लाची संहती वाढवत नेली आणि प्रतिदीप्तीचा आलेख काढला की एका ठिकाणी रेषा वर वळते. तेथे पुंज सुरू झाले असे समजावे. प्रथिनावरील परिणाम या वळणाच्या खाली दिसला तर तो सुट्या रेणूंचा असण्याची शक्यता बळावते. परिणाम नेमका वळणापाशीच सुरू झाला तर मात्र साबणाची शंका दूर झालेली नाही, आणि पुढची प्रत्येक पायरी त्या शंकेसह वाचावी लागते.

चौथी पायरी: प्रथिने

सिंटॅक्सिन-१ चा पटलाबाहेरचा भाग (अमिनो आम्ले १ ते २६१), पूर्ण स्नॅप-२५, व्हॅम्प-२ चा १ ते ९६ हा भाग आणि पूर्ण मंक-१८ अशी चार प्रथिने जिवाणूंत तयार करून शुद्ध करता येतात. शुद्धीकरणाची कृती सर्वत्र उपलब्ध आहे, म्हणून तिचा विस्तार करत नाही.

एक बाब मात्र सोडता येणार नाही. सिंटॅक्सिनच्या अगदी सुरुवातीचा छोटा पेप्टाइड मंक-१८ च्या नियंत्रणात भाग घेतो. तो काढला किंवा बदलला तर मंक-१८ घट्ट चिकटूनही संकुल रोखू शकत नाही, असे २००८ साली दाखवले गेले आहे. म्हणून सिंटॅक्सिनच्या आरंभीच्या टोकाला शुद्धीकरणासाठी जोडतात ते जीएसटी प्रथिनाचे किंवा हिस्टिडीनचे शेपूट लावू नये. शेपूट हवेच असेल तर ते शेवटच्या टोकाला लावावे. सुरुवातीला दोन-तीन जादा अमिनो आम्ले उरली असतील तर मंक-१८ ने संकुल रोखले जाते हे आधी सिद्ध करावे. जे रोखलेच गेले नाही ते मेदाम्लाने मोकळे केले, असे म्हणण्यात अर्थ नाही.

पाचवी पायरी: मुख्य प्रयोग

तीन स्नेअर प्रथिनांचे पूर्ण संकुल एसडीएस या तीव्र अपमार्जकामध्येही तुटत नाही; नमुना उकळला तरच तुटते. मोजमाप याच गुणधर्मावर उभे आहे. २ मायक्रोमोलर सिंटॅक्सिन आणि ३ मायक्रोमोलर मंक-१८ एकत्र करून बर्फावर अर्धा तास ठेवावे, म्हणजे सगळे सिंटॅक्सिन पकडले जाईल. मग मेदाम्लाचे दुप्पट संहतीचे द्रावण घालावे आणि पाच मिनिटांनी स्नॅप-२५ व व्हॅम्प-२ घालावे. वरील संहती अंतिम मिश्रणातील आहेत, त्यामुळे आकारमानांचा हिशेब आधी कागदावर करून घ्यावा. खोलीच्या तापमानाला एक तास झाल्यावर एसडीएस असलेला नमुना-बफर घातला की नवे संकुल बनणे थांबते. प्रत्येक नळीचे दोन भाग करून एक तसाच ठेवावा आणि दुसरा ९५ अंशांना पाच मिनिटे तापवावा. दोन्ही शेजारी-शेजारी जेलवर चालवावेत आणि जेल गरम होऊ देऊ नये.

जेलवरचे रकाने असे असावेत: मंक-१८ शिवायची तिन्ही स्नेअर प्रथिने; तीच मंक-१८ सह; मंक-१८ आणि इथेनॉल; मंक-१८ आणि अ‍ॅराकिडॉनिक आम्ल; मंक-१८ आणि ओलेइक आम्ल; अ‍ॅराकिडॉनिक आम्ल आहे पण व्हॅम्प-२ नाही असे मिश्रण; आणि अ‍ॅराकिडॉनिक आम्ल आधी मेदाम्लरहित अल्ब्युमिनमध्ये मिसळून मग घातलेले मिश्रण. अल्ब्युमिनच्या एका रेणूत लांब मेदाम्लांसाठी सात जागा असल्याचे स्फटिकरचनेवरून माहीत आहे, म्हणून ५० मायक्रोमोलर अल्ब्युमिन १०० मायक्रोमोलर आम्ल आरामात शोषते. तेथे परिणाम नाहीसा झाला नाही तर तो मोकळ्या आम्लाचा नव्हता.

आता जेल वाचताना. सिंटॅक्सिन ३० किलोडाल्टनच्या आसपास, स्नॅप-२५ त्याच्या थोडे खाली आणि व्हॅम्पचा तुकडा बराच खाली धावतो. तिघांचे संकुल ६० ते ७० च्या पट्ट्यात येते. मंक-१८ सुमारे ६८ किलोडाल्टनचे आणि अल्ब्युमिन ६६ चे. म्हणजे नेमक्या ज्या जागी उत्तर दिसायला हवे तेथेच आणखी दोन प्रथिने येऊन बसतात, आणि नुसत्या कुमासी निळ्या रंगाने हा जेल वाचणे धोक्याचे ठरते. सिंटॅक्सिनविरुद्धच्या प्रतिपिंडाने ब्लॉट करावा. त्याहून चांगले म्हणजे व्हॅम्प-२ लाच प्रतिदीप्त रंग लावावा. या प्रथिनाच्या विद्राव्य भागात मुळात सिस्टीन नसल्यामुळे २८ व्या स्थानी एक सिस्टीन घालून तेथे रंग जोडता येतो, आणि मग जेलवर केवळ मोकळे व्हॅम्प व संकुलातले व्हॅम्प अशा दोनच पट्ट्या चमकतात. उकळलेल्या रकान्यात वरची पट्टी पूर्ण गेली पाहिजे. ती राहिली तर ती स्नेअर संकुलाची नाही.

निकाल दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीने पडताळून पाहावा. बोटुलिनम-बी आणि धनुर्वात या दोन्ही विषांची विकरे व्हॅम्प-२ ची साखळी ७६ व्या आणि ७७ व्या अमिनो आम्लांच्या मध्ये तोडतात, पण व्हॅम्प एकदा संकुलात बांधले गेले की त्यांना ते तोडता येत नाही. त्यामुळे प्रयोगाच्या शेवटी बोटुलिनम-बी ची केवळ हलकी साखळी घालून किती व्हॅम्प शाबूत राहिले हे मोजले की एसडीएसवर विसंबून न राहता उत्तर मिळते. हलकी साखळी स्वतःहून पेशीत शिरत नाही, तरीही तिच्या वापरासाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्यावी.

सहावी पायरी: घडण बदलली का

संकुल वाढले म्हणजे सिंटॅक्सिन उघडले असावे हा तर्क झाला. पुरावा वेगळा लागतो. सिंटॅक्सिन-३ च्या अभ्यासात टायरोसीनच्या नैसर्गिक प्रतिदीप्तीचा उपयोग केला गेला, आणि छोट्या प्रयोगशाळेलाही ते परवडते. २७५ नॅनोमीटरला उद्दीपन आणि ३०५ च्या आसपास उत्सर्जन घ्यावे, मेदाम्लाचे द्रावण टप्प्याटप्प्याने घालावे, आणि तेवढेच इथेनॉल घातलेल्या नळीतील बदल वजा करावा. द्रावण गढूळ होऊ लागले की विखुरलेला प्रकाश खोटा बदल दाखवतो, म्हणून ३५० नॅनोमीटरची शोषकताही सोबत नोंदवावी.

वर्तुळाकार द्विवर्णता मोजण्याची सोय असेल तर २०८ आणि २२२ नॅनोमीटरच्या मूल्यांवरून हेलिक्सचे प्रमाण कळते. त्यासाठी क्लोराइड काढून फॉस्फेट आणि सोडियम फ्लोराइडचा बफर वापरावा. हेलिक्सचे प्रमाण थोडे बदलून स्थिरावले तर घडण बदलली असे म्हणता येते. आम्ल वाढवत नेल्यावर २२२ ची खूण घसरतच गेली तर प्रथिन उलगडते आहे, आणि तिसऱ्या शक्यतेकडे, म्हणजे साबणाकडे, परत जावे लागेल. मेदाम्ल घालून मग अल्ब्युमिनने काढून घेतल्यावर मूळ आलेख परत येतो का, हे पाहणे मला सर्वांत खात्रीचे वाटते. बिघडलेले प्रथिन सहसा असे पूर्वपदावर येत नाही.

सातवी पायरी: लायपोसोम, आणि मण्यारीचा धडा

आतापर्यंत पटल नव्हते. आता १९९८ पासून रूढ असलेली लायपोसोम (लिपिडांच्या कृत्रिम पुटिका) संलयनाची चाचणी करावी. एका प्रकारच्या लायपोसोममध्ये पूर्ण व्हॅम्प-२ आणि दोन रंगीत लिपिडे, एनबीडी व ऱ्होडामीन, प्रत्येकी दीड मोल टक्का असतात. दुसऱ्यात सिंटॅक्सिन व स्नॅप-२५ असतात आणि रंग नसतो. संलयन झाले की रंग विरळ होतात, ऱ्होडामीनने दाबून ठेवलेली एनबीडीची चमक वाढते. ४६० ला उद्दीपन आणि ५३८ ला उत्सर्जन घेऊन ३७ अंशांना तिचा आलेख काढतात. शेवटी डोडेसिल माल्टोसाइड घालून कमाल चमक मोजतात. ट्रायटन वापरू नये, ते एनबीडीची चमकच बदलते.

येथील सर्वांत महत्त्वाची नळी प्रथिनरहित लायपोसोमची असते. तिच्यात मेदाम्ल घातल्यावर रंग मिसळू लागले तर परिणाम पटलावरचा आहे. केवळ रंगीत लायपोसोम घेऊन, दुसरे न घालता, मेदाम्लाने एनबीडीची चमक बदलते का हेही पाहावे. तिसऱ्या नळीत व्हॅम्पचा विद्राव्य तुकडा भरपूर घालावा. तो सिंटॅक्सिनच्या जागा अडवतो आणि स्नेअरमुळे होणारे संलयन थांबवतो. तरीही रंग मिसळत राहिले तर ते मिसळणे स्नेअरमुळे नव्हे. लिपिडे मिसळली म्हणजे आतील द्रवही मिसळले असे नाही, म्हणून लायपोसोमच्या पोटातील रंग मिसळतो की केवळ बाहेर गळतो, याची वेगळी चाचणी घ्यावी.

पटलावरचा परिणाम हा दुय्यम प्रकार आहे असे कोणी समजू नये. मण्यारीच्या विषात चेतातंतूच्या टोकावर हल्ला करणारी फॉस्फोलायपेझ ए-२ प्रकारची, म्हणजे पटलातील फॉस्फोलिपिड तोडणारी, प्रथिने असतात. ग्रामीण महाराष्ट्रात पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, दंशाची जागा धड दिसतही नाही, आणि काही तासांत पापण्या मिटू लागतात आणि श्वास अडतो, त्यामागे ही प्रथिने असतात. इटलीतील पादुआ येथील गटाने २००५ साली दाखवले की सर्पविषातील अशा विकरांचा चेतापेशीवर होणारा परिणाम लायसोफॉस्फोलिपिड (एक शेपटी तुटलेले फॉस्फोलिपिड) आणि मेदाम्ल यांच्या नुसत्या मिश्रणानेही तसाच घडतो. म्हणजे विकराने पटलातून सोडवलेले पदार्थच काम करतात. लायसोफॉस्फोलिपिड बाहेरच्या थरात अडकून राहते, मेदाम्ल दोन्ही थरांत पसरते, आणि दोन्ही थरांची वक्रता अशी होते की पुटिका पेशीपटलाशी विलीन होणे सोपे जाते. मग पुटिका झपाट्याने रिकाम्या होतात आणि परत भरल्या जात नाहीत. आपल्या लायपोसोम प्रयोगात समान मोलर प्रमाणातील लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन आणि ओलेइक आम्लाचे मिश्रण घेतले की पटलमार्गी परिणामाचे धन नियंत्रण आयते मिळते.

आठवी पायरी: पेशी

पेशींवर जाण्याआधी वरील पायऱ्या पूर्ण व्हाव्यात. पीसी-१२ या उंदराच्या पेशी या कामात रूढ आहेत. भारतातील अनेक प्रयोगशाळा आपल्या पेशीमालिका पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील (एनसीसीएस) पेशीभांडारातून घेतात. नेहमीच्या माध्यमातील दहा टक्के वासराच्या रक्तद्रवात सुमारे ३० मायक्रोमोलर अल्ब्युमिन येते, आणि त्याच्या सात जागांचा हिशेब केला तर १०० मायक्रोमोलर मेदाम्ल त्यात सहज गडप होते. म्हणून रक्तद्रव काढून मेदाम्ल ठरावीक प्रमाणातील मेदाम्लरहित अल्ब्युमिनसह द्यावे आणि ते प्रमाण प्रत्येक वेळी लिहावे.

पेशी अ‍ॅराकिडॉनिक आम्लाचे तत्काळ प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइनमध्ये रूपांतर करतात. त्यामुळे इंडोमेथॅसिन आणि एनडीजीए यांनी ते मार्ग बंद करूनही परिणाम टिकतो का, हे पाहावे. पेशी मरत तर नाहीत ना, यासाठी एलडीएच या पेशीतील विकराची गळती मोजावी. मेलेली पेशीही आपली पुटिका-प्रथिने माध्यमात सोडते, आणि आकड्यांत ते स्राव वाढल्यासारखे दिसते. शेवटी सिंटॅक्सिन-३ चे प्रमाण आरएनए-हस्तक्षेपाने घटवावे. ते घटल्यावरही चेतातंतूंची वाढ मेदाम्लाने तेवढीच होत राहिली तर आपला परिणाम त्या प्रथिनातून जात नाही.

सजीवातील पुरावा हवा असेल तर सूत्रकृमी सी. एलिगन्सचा फॅट-३ उत्परिवर्ती उपयोगी पडतो. त्याला लांब बहुअसंपृक्त मेदाम्ले बनवता येत नाहीत, त्याचे चेतापारेषण मंदावते, आणि खाद्यातून ती मेदाम्ले दिली की सुधारते. मात्र त्यातून मेदाम्लाची गरज सिद्ध होते. ती सिंटॅक्सिनमार्फत आहे हे वेगळे दाखवावे लागते.

नववी पायरी: निष्कर्ष लिहिणे

परिणाम पुंजसंहतीच्या खाली दिसतो, पटलाशिवाय दिसतो, अल्ब्युमिनने उलटतो, ओलेइक आम्लाने दिसत नाही आणि घडणीतील बदलाशी एकाच संहतीला जुळतो, अशा वेळीच ‘मेदाम्ल सिंटॅक्सिनवर थेट काम करते’ असे लिहावे. प्रथिनरहित लायपोसोममध्येही परिणाम दिसला आणि लायसोलिपिडच्या मिश्रणाने वाढला, तर पटलाचा मार्ग लिहावा. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू असणे सहज शक्य आहे, आणि तसे दिसल्यास संकोच न करता तसेच लिहावे.

आहाराविषयी मात्र या प्रयोगांवरून विधान करू नये. जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर असते, बांगडा आणि तारलीत डीएचए असते, हे खरे; पण जेवणातून आलेली मेदाम्ले बहुतांशी इतर लिपिडांत बांधलेल्या स्वरूपात शरीरभर फिरतात. चेतासंधीपाशी मोकळे आम्ल किती असेल हे तेथील फॉस्फोलायपेझ क्षणाक्षणाला ठरवते. परीक्षानळीतील १०० मायक्रोमोलर आणि ताटातली चटणी यांचा थेट संबंध जोडणारे वाक्य प्रबंधाच्या प्रस्तावनेतही येऊ देऊ नये.

अहवालात घातलेल्या मेदाम्लाच्या संहतीसोबत प्रत्येक आकृतीखाली पुढील बाबी द्याव्यात: त्या दिवशीची २३४ नॅनोमीटरची शोषकता, बफरचा पीएच आणि तापमान, कॅल्शियम होते की ईजीटीए, इथेनॉलचे प्रमाण, अल्ब्युमिनशी मोलर प्रमाण, नळी काचेची की प्लॅस्टिकची, आणि त्याच बफरमध्ये मोजलेली पुंजसंहती. दुसऱ्या प्रयोगशाळेत निकाल वेगळा आला तर कारण बहुधा याच यादीत सापडते.